पेरू, दूध आणि डाळिंब : घरच्या फळांची तीन थरांची जेली

मृग बहाराचा पेरू आणि मृग बहाराचेच डाळिंब, दोन्ही आता एकाच सुमारास तोडणीला आले आहेत. चांगला माल निवडून क्रेटमध्ये जातो आणि बाकीचा बांधावर नाहीतर गोठ्यापुढे पडतो. आकाराने बारीक राहिलेला पेरू, एका अंगाने जास्त पिकलेला पेरू, तडकलेले डाळिंब, सालीवर तेल्याचे डाग पडलेले डाळिंब. व्यापारी हा माल घेत नाही आणि घेतलाच तर भाव असा सांगतो की मजुरीही सुटू नये. छाटणी, पाणी आणि बहार यांवर या सदरात पुष्कळ लिहून झाले. आज या निवडून बाजूला टाकलेल्या मालाकडे वळू.

निमित्त एका पत्राचे आहे. सांगोल्याकडच्या एका भगिनीने लिहिले आहे की मुले दुकानातली रंगीत जेली मागतात, मळ्यातली फळे मात्र समोर ठेवली तरी तोंड फिरवतात. तशी थराथरांची जेली घरच्या फळांची करता येईल का? पुढे त्यांनी दोन अटी घातल्या आहेत. घरात फ्रीज नाही, आणि सासूबाई माळकरी आहेत.

दोन्ही अटी रास्त आहेत आणि दोन्हींचे उत्तर एकच आहे : चायना ग्रास.

बाजारात जेलीच्या नावाखाली जी तयार पाकिटे मिळतात त्यांतल्या काहींत जिलेटिन असते. जिलेटिन हे जनावरांची हाडे व कातडी उकळून काढलेले प्रथिन आहे. माळकरी माणसाला ते चालणार नाही, आणि न सांगता खाऊ घालणे तर अगदीच अयोग्य. म्हणून पाकीट विकत घेताना हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूण पाहावी, मागची बारीक अक्षरेही वाचावीत. जिलेटिनची दुसरी अडचण आपल्या हवेची. माणसाच्या अंगाची ऊब लागली तरी ते पातळ होते, त्यामुळे गोठवायला बर्फ किंवा फ्रीज लागतो आणि चैत्र-वैशाखात ताटलीत वाढेपर्यंत त्याचे सरबत होते.

चायना ग्रास नावाने गवत असले तरी ते गवत नव्हे. समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून ते काढतात. शास्त्रात त्याला अगार म्हणतात. आपल्या देशात तमिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावर मच्छीमारांच्या घरच्या बायका पाण्यात बुड्या मारून हे शेवाळ गोळा करतात. किराणा दुकानात ते पांढऱ्या, हलक्या, सुतळीसारख्या दोऱ्यांच्या रूपात किंवा पावडरच्या रूपात मिळते. उपवासाला चालते का, असे मला नेहमी विचारतात. त्याबाबत घरातल्या वडीलधाऱ्यांचा निर्णय अंतिम मानावा. कृषी खात्याचे यावर परिपत्रक नाही.

या अगारची गंमत अशी की ते विरघळायला जवळजवळ उकळते पाणी लागते, पण एकदा विरघळले की निवताना ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान घट्ट होते. म्हणजे आपल्याकडे थंडीत नुसत्या हवेवर आणि उन्हाळ्यात थंड पाण्याच्या परातीत ठेवले की काम झाले. घट्ट झाल्यावर पुन्हा पातळ करायचे तर साधारण ८५ अंशांपर्यंत तापवावे लागते. त्यामुळे ऊन कितीही असो, वडी हातात वितळत नाही.

खरवस करणाऱ्या घरात हे लवकर समजेल. चिकाला उष्णता दिली की त्यातले प्रथिन आवळते आणि खरवस बसतो. इथे उलटे आहे. उष्णतेने पातळ, निवल्यावर घट्ट. म्हणून खरवसाची घाई शेगडीवर असते आणि जेलीची घाई शेगडीवरून उतरल्यावर.

केळी लावणाऱ्या बंधूंना तर हे अगार न ओळखता ओळखीचे आहे. ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपे आपण आणतो, ती प्रयोगशाळेत आधी काचेच्या बरणीत, पारदर्शक थरावर वाढवलेली असतात. तो थर बहुतेक अगारचाच असतो. आणि प्रयोगशाळेत हे अगार आले कसे, तर स्वयंपाकघरातून. १८८१ साली जर्मनीत वॉल्टर हेसे नावाचे डॉक्टर रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणूंवर काम करीत होते. जिवाणू वाढवायला ते जिलेटिन वापरीत, आणि उन्हाळ्यात ते वितळून सगळे मुसळ केरात. त्यांच्या पत्नी फॅनी, ज्यांना घरी लीना म्हणत, जेलीला अगार वापरीत असत. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच शेजारणीकडून त्यांना ते लहानपणी कळले होते. त्यांनी नवऱ्याला ते सुचवले. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत अगार आहे. या बाईंचे नाव मात्र पुष्कळ काळ कोणी घेतले नाही. आपल्याकडेही बी निवडून, राखेत घोळून, मडक्यात जपणाऱ्या बायकांची नावे कुठल्या पुस्तकात आहेत?

आता फळांकडे येऊ. कृतीपेक्षा हा भाग महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश वाचावा.

तडकलेले डाळिंब आणि सडलेले डाळिंब यांत फरक आहे. पाणी कमी-जास्त झाल्याने साल ताणून फुटते. असे फळ त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरात आणले, तर आतले दाणे उत्तम असतात. पण फुटलेल्या जागेतून माशी, मुंगी, बुरशी शिरते. फळ उघडल्यावर आत काळा किंवा तपकिरी भाग दिसला, आंबूस वास आला, दाणे चिकट लागले, तर ते सगळे फळ टाकावे. तेवढा भाग कापून बाकीचे वापरू, उकळल्यावर सगळे मरते, असे म्हणू नये. बुरशी मरते, पण बुरशीने सोडलेली काही विषे उकळूनही जात नाहीत. तेल्याचे डाग फक्त सालीवर असतील, साल फुटलेली नसेल आणि दाणे स्वच्छ असतील, तर ते डाळिंब घरात खायला हरकत नाही. तो रोग झाडाचा आहे, माणसाला होत नाही.

दुसरी गोष्ट फवारणीची. प्रत्येक औषधाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जावेत ते छापलेले असते. तडकलेले फळ आपण त्या दिवसांची वाट न पाहता उचलतो, कारण ते विकायचे नसते. नेमकी तीच फळे मुलांच्या पोटात जातात. ते दिवस भरलेले नसतील तर फळ घरात आणू नये, मग ते कितीही टवटवीत दिसो. वरून धुतले की पुरे, हा समज सोडावा. आंतरप्रवाही औषध सालीवर बसून राहत नाही. काही बागायतदार घरच्यासाठी दोन झाडे फवारणीविना ठेवतात. शहाणपणा आहे खरा, पण घरच्या मुलाला एक नियम आणि शहरातल्या मुलाला दुसरा, हे मला कधी पटले नाही.

पेरूला सरदार जात या कामी फार चांगली. सरदार म्हणजेच लखनौ-४९; नावात लखनौ असले तरी ती १९२७ साली आपल्या पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. चिमा यांनी निवडलेली जात आहे. गर भरपूर, वास चांगला. फळ पिकलेले पण टणक घ्यावे. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या तिप्पट-चौपट असते. शिजवण्यात त्यातले काही जाते, तेव्हा जेली केली म्हणून कच्चा पेरू खाणे बंद करू नये.

सात-आठ माणसांना पुरेल असे प्रमाण देतो. पेरू अर्धा किलो, डाळिंब निवडून सव्वा ते दीड किलो, दूध ४०० मिलिलिटर, साखर साधारण २०० ग्रॅम (फळ गोड असेल तर कमी), लिंबू १, वेलदोडे ३-४, आणि चायना ग्रास १५ ग्रॅम. बाजारात १० ग्रॅमचे पाकीट मिळते, म्हणजे दीड पाकीट झाले. प्रत्येक थराला ५ ग्रॅम. काटा नसेल तर पाकिटातल्या दोऱ्या कात्रीने मधोमध कापून दोन वाटे करावेत. पावडर असल्यास पाकिटावरचे प्रमाण पाहावे, कारण तिचा जोर कमी-जास्त असतो. भांडी स्टीलची घ्यावीत. डाळिंबाचा आंबट रस लोखंडाच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात काळवंडतो आणि अंगालाही बरा नव्हे.

आधी पेरू. धुऊन, देठ व बुडखा काढून फोडी कराव्यात आणि दोन वाट्या पाणी घालून मऊ होईपर्यंत, वीसेक मिनिटे शिजवाव्यात. पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून किंवा चाळणीतून गर काढावा. बिया वर राहतात. बी दाताखाली आली की मुले बाकीचे सोडून देतात, म्हणून या कामात आळस नको. गर साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास भरावा. कमी पडला तर पाणी घालून पुरा करावा. अर्ध्या लिंबाचा रस पिळावा, त्याने गर काळा पडत नाही.

डाळिंबाचे दाणे स्वच्छ धुतलेल्या मलमलीत किंवा पंचात बांधून हाताने पिळावेत. मिक्सरमध्ये फिरवू नयेत. बी भरडली गेली की रस तुरट होतो आणि तो तुरटपणा साखरेने झाकत नाही. हा रसही साडेतीनशे मिलिलिटर हवा. मूठभर दाणे बाजूला ठेवावेत.

चायना ग्रासचे तीन वाटे तीन वाडग्यांत, बारीक कापून, प्रत्येकी एक मोठी वाटी (२०० मिलिलिटर) पाण्यात अर्धा तास भिजवावेत. एकेक वाटा ज्या-त्या थराच्या वेळी, भिजवलेल्या पाण्यासकट मंद आचेवर ठेवावा. आठ-दहा मिनिटांत दोऱ्या पूर्ण विरघळतात. डाव उचलून धार पाहावी. धारेत तंतू किंवा कण दिसले तर अजून वेळ आहे. साखर पूर्ण विरघळल्यानंतरच घालावी, आधी घातली तर चायना ग्रास विरघळायला त्रास देते. मग गाळून घ्यावे.

पहिला थर पेरूचा. गर दुसऱ्या शेगडीवर गरम करावा आणि त्यात हे उकळते पाणी मिसळावे. गार गर कधीही मिसळू नये. गार पदार्थाला भेटताच चायना ग्रास तिथल्या तिथे आवळते, गुठळ्या होतात आणि थर कुठे घट्ट, कुठे पाणचट बसतो. वीसएक सेंटिमीटर रुंद आणि सहा-सात सेंटिमीटर खोल असा स्टीलचा डबा पाण्याने ओला करून त्यात मिश्रण ओतावे. पेरू खाली घालण्याचे कारण असे की गर जड असतो, तो वर घातला तर खालचा नाजूक थर दबतो.

मिश्रण ओतण्याआधी एक चमचा बशीत घालून पाहावे. तीन-चार मिनिटांत धरले तर प्रमाण बरोबर. धरले नाही तर थोडे चायना ग्रास वेगळे विरघळवून वाढवावे. ही बशीची परीक्षा प्रत्येक थराला करावी.

दुसरा थर दुधाचा. दूध उकळवून वेलदोड्याची पूड घालावी आणि गरम असतानाच चायना ग्रासचे पाणी मिसळून एक मिनिट ढवळावे. गूळ वापरायचा असेल तर तो पेरूत वापरावा. दुधात घातला तर दूध फाटण्याचा धोका आहे.

खरी कसोटी आता आहे. खालचा थर किती बसला असता वरचा ओतायचा? बोट हलके टेकवले तर पृष्ठभाग धरलेला लागावा, पण बोटाला किंचित चिकटावा. थंडीत ही वेळ दहा-पंधरा मिनिटांत येते. त्याआधी ओतले तर दोन थर एक होतात. फार उशीर केला आणि खालच्या थरावर पाण्याचे थेंब दिसू लागले, तर वरचा थर त्याला धरत नाही आणि वडी कापताना पत्त्यांसारखे थर सुटतात. उशीर झालाच तर स्वच्छ कापडाने पाणी टिपावे आणि काट्याच्या टोकाने पृष्ठभागावर हलक्या रेघा ओढाव्यात. नवीन गिलावा धरावा म्हणून गवंडी जुन्या भिंतीला टाचे मारतो, तसेच हे.

ओतायचे मिश्रणही उकळते नको, नाहीतर खालच्या थराला खड्डा पडतो. भांड्याला बाहेरून तळहात लावून सोसेल इतके निवू द्यावे. धार थेट न सोडता उलट्या डावावरून सोडावी. तोपर्यंत पातेल्यातच घट्ट होऊ लागले तर घाबरू नये. पेरूचा व दुधाचा थर मंद आचेवर, आणि डाळिंबाचा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पुन्हा पातळ करता येतो.

तिसरा थर डाळिंबाचा. याला एक वेगळी काळजी आहे. आंबट रस आणि चायना ग्रास एकत्र उकळू नये. आंबटपणात उकळले की चायना ग्रासचा जोर तुटतो आणि जेली बसत नाही. रस फक्त कोमट करावा, चायना ग्रासचे गरम पाणी शेगडीवरून उतरवावे, मग त्यात रस मिसळावा. उरलेले अर्धे लिंबू यात पिळावे, लाल रंग खुलतो. फार तापवले तर तोच रंग तपकिरीकडे झुकतो. दुधावर हा थर ओतून, जरा धरू लागला की मुठीतले दाणे वर टाकावेत. आधी टाकले तर तळाशी जातात.

मग डबा पाण्याच्या परातीत ठेवून, वर झाकण घालून, दीड-दोन तास हलवू नये. सुरी ओली करून शंकरपाळ्याच्या आकारात वड्या कापाव्यात. खाली गुलाबी किंवा पिवळसर, मध्ये पांढरा, वर माणकासारखा लाल, असे तीन थर दिसतात. रंगाची डबी आणावी लागत नाही.

कोकणातल्या भगिनींनी डाळिंबाऐवजी कोकमाचा गोड रस घ्यावा; मिठाचे आगळ मात्र नको. दुधाऐवजी नारळाचा रसही चालतो. खानदेशात पपई आहे. जिलेटिनमध्ये कच्ची पपई किंवा ताजे अननस घातले तर जेली बसतच नाही, कारण पपईतले पेपेन प्रथिनाला तोडते. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईची फोड टाकतात, त्यामागे हेच. चायना ग्रास प्रथिन नव्हे, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

दुधाचा थर असल्याने ही जेली त्याच दिवशी संपवावी. फ्रीज असेल तर दोन दिवस. ठेवल्यावर कडेने थोडे पाणी सुटते; तो चायना ग्रासचा स्वभाव आहे, तेवढ्याने पदार्थ बिघडला असे नाही. वास बदलला तर मात्र टाकावा.

लहान मुलांबाबत एक ताकीद. दुकानात जेलीच्या छोट्या वाट्या मिळतात. मूल ती तोंडाला लावून एकदम ओढते आणि गुळगुळीत गोळा श्वासनलिकेत अडकतो. अशा वाट्यांनी परदेशांत मुले दगावली आहेत. कोंजॅक नावाच्या कंदाच्या पिठाच्या जेल्या विशेष चिवट असतात, म्हणून युरोपीय संघाने २००३ साली तो पदार्थ अशा जेल्यांत वापरण्यावर बंदी घातली. आपली घरची वडीही गुळगुळीतच आहे. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला ती चमच्याने मोडून, खाली बसवून, आपल्या समोर द्यावी. दाणे काढून टाकावेत. पळता पळता खाऊ देऊ नये. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांना साखरेचा विचार करूनच वाढावी.

काही बचत गटांनी विचारले आहे की ही जेली जत्रेत विकावी का. माझे मत, विकू नये. दूध आहे, साखर कमी आहे, उघड्यावर ती तासाभरात धोक्याची होऊ शकते. विकायचीच असेल तर पेरूची बाटलीतली जेली करावी. ती वेगळी वस्तू आहे. तिच्यात चायना ग्रास नसते. पेरूतले पेक्टिन, फळाची आंबट आणि शेकडा ६५ च्या आसपास साखर यांनी ती बसते, आणि तेवढ्या साखरेमुळेच टिकते. त्यासाठी अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी, स्वच्छ निर्जंतुक बाटल्या आणि लेबल लागते. तिची कृती, पेक्टिनची परीक्षा आणि चाचणीचा थेंब कसा पाहावा हे पुढच्या अंकात देतो. तोवर थोडे अर्धकच्चे पेरू बाजूला काढून ठेवा, पूर्ण पिकलेल्या पेरूत पेक्टिन कमी असते.

पिळून राहिलेला डाळिंबाचा चोथा आणि पेरूच्या बिया गांडूळखताच्या वाफ्यात टाकायला हरकत नाही. रोगट साली मात्र बागेच्या खतात नकोत. त्या बागेपासून दूर खड्ड्यात पुराव्यात किंवा जाळाव्यात, म्हणजे तेल्या पुन्हा झाडावर जाणार नाही.